नेट चालत नाही, पण बिघाड नेमका कुठे? घरच्या घरी तपासायची सोपी पद्धत

काटोलसारख्या तालुक्याच्या गावात घरचं इंटरनेट ही आता चैनीची गोष्ट राहिलेली नाही. २०२५ पासून अकरावीचा प्रवेश संपूर्ण महाराष्ट्रात ऑनलाइन झाला. आधी शेजारच्या ज्युनिअर कॉलेजात जाऊन फॉर्म भरणारी आपली मुलं आता पसंतीक्रम पोर्टलवर टाकतात. सीईटीचा अर्ज, शिष्यवृत्तीचा अर्ज, डोमिसाइल, उत्पन्नाचा दाखला, सगळ्याला शेवटची तारीख असते आणि सगळं नेटवर असतं. अशा दिवशी नेट बंद पडलं की घरात एकच गोंधळ उडतो. अब्बा केबलवाल्याला फोन लावतात, अम्मी म्हणतात मोबाइलवर बघा, पोरगा मोडेमची पिन काढून पुन्हा लावतो.

पालकसभेत आम्हाला हा विषय नेहमी ऐकू येतो. "सर, नेट स्लो आहे म्हणून मोठा प्लॅन घेतला, तरी तेच." असं सांगणारे पालक बरेच असतात. यात पैसा जातो आणि त्रास तसाच राहतो, कारण बिघाड कुठे आहे हे कोणी पाहिलेलंच नसतं. वीस-तीस रुपयांचा कनेक्टर गंजलेला असेल तर दुप्पट पैशाच्या प्लॅननेही तो सुधारत नाही.

बिघाडाची जागा घरच्या घरी शोधता येते. त्यासाठी इंजिनिअर असण्याची गरज नाही. आठवी-नववीचा मुलगा किंवा मुलगी हे काम करू शकते.

नेट आपल्या घरी कसं पोहोचतं

आपल्या मोबाइलपासून वेबसाइटपर्यंतच्या रस्त्याचे चार टप्पे धरू.

पहिला टप्पा मोबाइल किंवा लॅपटॉपपासून राउटरपर्यंत. हा बिनतारी, म्हणजे वाय-फाय.
दुसरा टप्पा घरातला: मोडेम, त्याचा अडॅप्टर, आणि मोडेमपासून बाहेरच्या भिंतीपर्यंतची वायर.
तिसरा टप्पा केबल ऑपरेटरचा: खांबावरून येणारी वायर, गल्लीतला अँप्लिफायर, त्यांची मुख्य लाइन.
चौथा टप्पा ज्या वेबसाइटवर आपल्याला जायचं आहे ती वेबसाइट.

पहिले दोन टप्पे आपल्या हातात आहेत. तिसरा ऑपरेटरच्या हातात. चौथा ना आपल्या, ना ऑपरेटरच्या. म्हणून तपासणी याच क्रमाने सोडवायची, फक्त सुरुवात शेवटच्या टोकापासून करायची, कारण ते सगळ्यात सोपं आहे.

आधी बघा: वेबसाइटच बंद आहे का?

एक वेबसाइट उघडत नाही आणि बाकी सगळं चालतं, तर दोष आपल्या नेटचा नाही. २०२५ च्या अकरावी प्रवेशाचीच गोष्ट घ्या. नोंदणी २१ मे रोजी सुरू व्हायची होती, पण पहिल्याच दिवशी पोर्टल चाललं नाही आणि नोंदणी २६ मेपासून सुरू झाली. त्या दिवशी मोडेम शंभर वेळा बंद-चालू करून काही उपयोग नव्हता. वक्फ मालमत्तांच्या नोंदणीसाठी ६ जून २०२५ रोजी सुरू झालेल्या उमीद पोर्टलबद्दलही शेवटच्या दिवसांत ठिकठिकाणच्या मुतवल्लींची हीच तक्रार होती, की पान उघडत नाही, कागद चढत नाहीत.

तपासायला एक मिनिट लागतो. दुसऱ्या दोन-तीन वेबसाइट उघडून बघा. मग मोबाइलचं वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर तेच पोर्टल उघडा. डेटावरही उघडत नसेल तर पोर्टलवर ताण आहे. रात्री उशिरा किंवा फजरनंतर पुन्हा प्रयत्न करा, त्या वेळी गर्दी कमी असते. डेटावर उघडलं आणि घरच्या नेटवर नाही उघडलं, तर पुढे वाचा.

वाय-फाय कमजोर की लाइन कमजोर?

बहुतेक घरांत इथेच गल्लत होते. वाय-फाय आणि इंटरनेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोबाइलवर वाय-फायच्या पूर्ण काड्या दिसल्या याचा अर्थ फक्त एवढाच, की मोबाइल आणि राउटर यांच्यात बोलणं नीट सुरू आहे. राउटरला मागून नेट येतं की नाही हे त्या काड्या सांगत नाहीत.

खरी परीक्षा वायरने होते. लॅनची वायर राउटरमधून थेट लॅपटॉपला किंवा कॉम्प्युटरला लावा आणि स्पीड टेस्ट करा. मग त्याच लॅपटॉपवर वायर काढून वाय-फायवर तीच टेस्ट करा. समजा प्लॅन ५० एमबीपीएसचा आहे. वायरवर ४७-४८ येतात आणि मागच्या खोलीत वाय-फायवर ६ येतात, तर लाइन ठीक आहे, दोष वाय-फायचा आहे. वायरवरही ६ च येत असतील तर दोष मोडेमच्या मागे आहे. लॅपटॉप नसेल तर मोबाइल घेऊन राउटरपासून दोन-तीन हातांवर उभे राहा आणि बाकी सगळ्यांचे मोबाइल वाय-फायवरून काढून टेस्ट करा. अंदाज येतो.

इथे आकड्यांचा एक घोळ समजून घ्या. प्लॅनमधला एमबीपीएस म्हणजे मेगाबिट. फाइल मोजली जाते मेगाबाइटमध्ये, आणि एका बाइटमध्ये ८ बिट असतात. म्हणून ४० एमबीपीएसच्या लाइनवर फाइल सेकंदाला ५ एमबी या वेगाने उतरली तर लाइन पूर्ण चालते आहे. फसवणूक झाली असं समजू नका.

वाय-फायचा दोष निघाला तर उपाय घरातच आहे. राउटर लोखंडी कपाटावर, टीव्हीच्या मागे किंवा फ्रिजच्या बाजूला ठेवू नका. घराच्या मधोमध, डोक्याच्या उंचीवर, उघड्यावर ठेवा. राउटरमध्ये २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशी दोन नावं दिसत असतील तर त्याच खोलीत बसून काम करताना ५ वापरा, तो वेगवान आहे. भिंती आड येत असतील तर २.४ वापरा, तो लांब जातो. दाट वस्तीत शेजारच्यांचे वाय-फाय एकमेकांवर चढतात. अशा वेळी २.४ साठी १, ६ किंवा ११ यापैकी जो चॅनल मोकळा असेल तो लावायला ऑपरेटरच्या माणसाला सांगा.

मोडेमचे दिवे वाचायला शिका

मोडेमवरचे दिवे त्याची भाषा आहे. केबल मोडेममध्ये साधारण पॉवर, डाउनस्ट्रीम, अपस्ट्रीम आणि ऑनलाइन असे दिवे असतात. चालू केल्यावर ते एकामागून एक लुकलुकतात आणि मग स्थिर होतात.

पॉवरचा दिवाच लागत नसेल किंवा मोडेम आपोआप पुन्हा पुन्हा सुरू होत असेल तर आधी अडॅप्टरवर शंका घ्या. जुना अडॅप्टर कमजोर झाला की मोडेम तापल्यावर किंवा लोड वाढल्यावर बंद पडतो. नवा घेताना व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात.

डाउनस्ट्रीमचा दिवा लुकलुकतच राहिला तर बाहेरून येणारा सिग्नल मोडेमला सापडत नाही. अपस्ट्रीमचा लुकलुकत राहिला तर मोडेमचा आवाज ऑपरेटरपर्यंत पोहोचत नाही. दोन्ही स्थिर आहेत, ऑनलाइन दिवाही लागला आहे, तरी नेट नाही, तर रिचार्ज संपला आहे का किंवा लॉगिन तुटलं आहे का ते बघा.

एक काम मात्र करू नका. मागच्या बारीक छिद्रात पिन घालून रीसेट दाबू नका. त्याने ऑपरेटरने टाकलेलं युजरनेम-पासवर्ड पुसलं जातं आणि मग त्यांचा माणूस आल्याशिवाय नेट सुरू होत नाही. साधं बंद-चालू करायचं तर प्लग काढा, एक मिनिट थांबा, पुन्हा लावा.

सिग्नलचे आकडे काय सांगतात

केबल मोडेमचा सिग्नल आपल्यालाही बघता येतो. बऱ्याच केबल मोडेममध्ये ब्राउझरच्या वरच्या पट्टीत १९२.१६८.१००.१ हा पत्ता टाकला (आकडे इंग्रजी अंकांत टाइप करा) की मोडेमचं स्वतःचं पान उघडतं. त्यात सिग्नल किंवा स्टेटस नावाच्या भागात तीन आकडे शोधा.

पहिला, डाउनस्ट्रीम पॉवर. हा डीबीएमव्हीमध्ये असतो. उणे ७ ते अधिक ७ च्या दरम्यान असेल तर उत्तम. उणे १५ च्या खाली किंवा अधिक १५ च्या वर गेला तर मोडेम टिकत नाही. सिग्नल जास्त असणंही वाईटच, कानाजवळ कोणी ओरडलं की शब्द कळत नाहीत तसं.

दुसरा, एसएनआर. म्हणजे कामाचा आवाज आणि गोंगाट यांच्यातला फरक. हा ३३ डीबी किंवा त्याहून जास्त हवा. वर्गात शिक्षक शिकवत असताना मागच्या बाकांवर गडबड वाढली की शिक्षकाचं बोलणं पोहोचत नाही. पॉवर चांगली असूनही एसएनआर कमी असेल तर लाइनमध्ये बाहेरचा गोंगाट शिरतो आहे.

तिसरा, अपस्ट्रीम पॉवर. हा साधारण ३५ ते ४९ मध्ये असावा. इथे लोकांचा गैरसमज होतो, जास्त आकडा म्हणजे चांगलं असं वाटतं. पण हा आकडा म्हणजे मोडेमला किती जोराने बोलावं लागतं ते. ५० च्या वर गेला म्हणजे मोडेम गळा ताणून ओरडतो आहे, तरी पलीकडे नीट ऐकू जात नाही.

"सर, यूट्यूब चालतं पण फॉर्मचा फोटो अपलोड होत नाही" या तक्रारीचं एक उत्तर याच तिसऱ्या आकड्यात मिळतं. केबलच्या वायरमध्ये येणारी आणि जाणारी वाहतूक वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीवर चालते. जाणारी वाहतूक खालच्या फ्रिक्वेन्सीवर असते, आणि मोटरपंप, मिक्सर, वेल्डिंग यांचा विजेचा गोंगाटही तिथेच जास्त असतो. कनेक्टर सैल असेल तर हा गोंगाट आत घुसतो आणि आधी अपलोड मरतो. व्हिडिओ बघताना कळतही नाही. फॉर्म सबमिट करायच्या वेळी कळतं.

वायर, स्प्लिटर आणि सांधे

आकडे बिघडलेले दिसले की घरातली वायर हाताने तपासा. पुष्कळ वेळा बिघाड इथेच मिळतो.

टीव्ही आणि नेट एकाच वायरवर असेल तर मध्ये स्प्लिटर असतो. दोन फाट्यांचा स्प्लिटर प्रत्येक फाट्यावर साधारण ३.५ डीबी खातो. ३ डीबी म्हणजे निम्मा सिग्नल. चार फाट्यांचा साधारण ७ डीबी खातो, म्हणजे पाचवा हिस्साच उरतो. घर वाढत गेलं, वरच्या मजल्यावर भावाने टीव्ही घेतला, मग चाचाच्या खोलीत एक कनेक्शन दिलं, आणि प्रत्येक वेळी एक स्प्लिटर वाढला. मोडेम शेवटच्या फाट्यावर राहिला तर त्याच्या वाट्याला काय येणार? बाहेरून आलेल्या वायरवर पहिला दोन फाट्यांचा स्प्लिटर लावून एक फाटा सरळ मोडेमला द्यावा आणि टीव्हीची सगळी वाटणी दुसऱ्या फाट्यावर करावी.

खरं-खोटं करायचं असेल तर थोडा वेळ सगळे स्प्लिटर बाजूला ठेवून बाहेरची वायर थेट मोडेमला लावा. नेट सुधारलं तर चोर घरातच सापडला.

मग सांधे बघा. तांबं सोलून, पिळून, वर काळी टेप गुंडाळलेला जोड आपल्याकडे सर्रास दिसतो. विजेच्या वायरला तो चालतो, केबलला चालत नाही. केबलच्या वायरमध्ये मधली तार, तिच्याभोवती प्लास्टिक आणि त्यावर जाळी असते. ही जाळीच बाहेरचा गोंगाट अडवते. जोडात जाळी तुटली की दार उघडं राहिलं. प्रत्येक ठिकाणी व्यवस्थित दाबलेला एफ-कनेक्टर हवा आणि तो बोटाने घट्ट फिरवलेला हवा. मधली तार काळी किंवा हिरवट दिसत असेल तर टोक कापून नवा कनेक्टर लावून घ्या.

छतावरून उतरणारी वायर भिंतीत शिरण्याआधी थोडी खाली लोंबती ठेवावी, म्हणजे पावसाचं पाणी त्या वळणावरून खाली पडतं. नाहीतर ते वायरीवरून सरळ कनेक्टरमध्ये जातं. पाऊस आला की नेट जातं आणि ऊन पडलं की येतं, अशी तक्रार असेल तर पाण्याचाच संशय घ्या.

खांबावर मात्र कोणी चढू नये. तिथे महावितरणच्या तारा असतात. ते काम लाइनमनचं.

फायबर असेल तर

आता बऱ्याच घरांत काळ्या जाड वायरीऐवजी बारीक फायबर आली आहे. तिच्यात वीज नसते, प्रकाश असतो. तिचा मोडेम वेगळा असतो आणि त्यावर पॉन आणि लॉस असे दिवे असतात. पॉन स्थिर हिरवा हवा. लॉस लाल झाला म्हणजे प्रकाशच पोहोचत नाही. फायबर तुटली आहे, निघाली आहे किंवा कुठेतरी फार दुमडली आहे. कपाट सरकवताना वायर दबली का ते बघा. लाल दिव्यावर घरात याहून जास्त काही करता येत नाही, लगेच तक्रार द्या. तंत्रज्ञ आला की त्याला मीटरवरचा आकडा विचारा. तो उणे २७ डीबीएमच्या खाली गेला असेल तर लाइन केव्हाही तुटू शकते. आज सुरू झाली म्हणून त्याला तसंच जाऊ देऊ नका. आणि उघड्या फायबरच्या टोकात डोळा लावून बघू नका, तो प्रकाश दिसत नाही पण डोळ्याला घातक आहे. मुलांना हे आवर्जून सांगा.

लाइट, ऊन आणि माकडं

आपल्या भागाचे काही खास त्रास आहेत. घरी इन्व्हर्टर आहे, मोडेम चालू आहे, तरी लाइट गेली की नेट जातं. कारण गल्लीतला अँप्लिफायर खांबाजवळच्या लाइटवर चालतो. तिथे बॅकअप आहे का, हे ऑपरेटरला विचारायची गोष्ट आहे. एका घराने विचारलं तर विषय टळतो, गल्लीतली दहा घरं मिळून विचारतील तर बॅटरी बसते.

विदर्भाच्या उन्हाळ्यात पारा ४५ च्या आसपास जातो. केबलची वायर तापली की तिच्यातला सिग्नल जास्त घटतो. आधीच काठावर असलेली लाइन दुपारी पडते आणि रात्री चालते. मोडेमही तापतो, त्याला मोकळी हवा द्या, वर कापड टाकू नका. विजा कडाडत असतील तेव्हा अडॅप्टर आणि केबल दोन्ही काढून ठेवा. आणि संत्र्याच्या बगीच्यांकडून गावात येणारी माकडं वायरींवरून उड्या मारतात. अचानक नेट गेलं तर एकदा छतावर नजर टाका.

आठ दिवसांची वही

नेट "मध्ये मध्ये जातं" ही तक्रार सोडवायला सगळ्यात कठीण, कारण लाइनमन येतो तेव्हा ते चालू असतं. यावर इलाज म्हणजे वही. मोडेमजवळ एक वही ठेवा आणि आठ दिवस लिहा: तारीख, वेळ, कोणता दिवा लुकलुकत होता, लाइट होती का, पाऊस किंवा ऊन, किती वेळाने परत आलं. जमलं तर आकड्यांच्या पानाचा फोटो. आठ दिवसांत नक्षी दिसू लागते. रोज रात्री आठ ते अकरा स्लो असेल आणि दिवे ठीक असतील तर ऑपरेटरच्या लाइनवर गर्दी आहे. दुपारीच जात असेल तर उष्णता. पावसातच जात असेल तर पाणी.

मग केबलवाल्या भावाला असा मेसेज टाका: "भाऊ, आमचं नेट १२ तारखेपासून दुपारी दोन ते चारमध्ये जातं. अपस्ट्रीमचा दिवा लुकलुकतो. अपस्ट्रीम ५३ दाखवतं, फोटो पाठवला आहे. स्प्लिटर काढून थेट वायर लावून पाहिली, तरी तेच. खांबापासूनचा कनेक्टर बघून द्या." फक्त "नेट बंद आहे" या मेसेजला "बंद-चालू करून बघा" असं उत्तर येतं. वरच्या मेसेजला ते देता येत नाही. लाइनमनही माणूस आहे, दिवसभर उन्हात फिरतो. त्याला नेमकी जागा कळली तर त्याचंही काम सोपं होतं.

तरी दाद मिळाली नाही तर

बिल किंवा पावती बघा. गावातला ऑपरेटर बहुधा एखाद्या परवानाधारक इंटरनेट कंपनीची सेवा देतो. त्या कंपनीच्या तक्रार केंद्रात फोन करा आणि डॉकेट क्रमांक घ्या. क्रमांक नसेल तर तक्रार झालीच नाही असं समजा. ट्रायच्या २०१२ च्या तक्रार निवारण नियमांनुसार, समाधान झालं नाही तर ३० दिवसांत कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं आणि ३९ दिवसांत त्याला निर्णय द्यावा लागतो. दुरुस्ती तीन दिवसांहून जास्त रखडली तर भाड्यात सूट देण्याची तरतूदही ट्रायच्या नियमांत आहे, पण ती मागावी लागते. २०२३ पासून ब्रॉडबँड म्हणवून घ्यायला किमान २ एमबीपीएस वेग लागतो.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. टेलिकॉम सेवेची तक्रार ग्राहक आयोगात चालते, हे सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही. आणि तिथेही कामाला येते ती आठ दिवसांची वही.

फॉर्मच्या दिवसासाठी तयारी

फॉर्मची शेवटची तारीख असेल त्याच्या चार दिवस आधी बसा. फोटो, सही, दाखले पोर्टलने सांगितलेल्या साइजमध्ये आधीच तयार करून एका फोल्डरमध्ये ठेवा. फॉर्म भरताना घरातले बाकी मोबाइल वाय-फायवरून काढा. घरच्या नेटपेक्षा वेगळ्या कंपनीचं सिम कोणाकडे आहे ते आधीच बघून ठेवा, म्हणजे ऐनवेळी हॉटस्पॉट मिळेल. दोन्ही एकाच कंपनीचे असतील तर बंदही एकदमच पडू शकतात. पैसे भरताना नेट गेलं तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका, आधी बँकेचा मेसेज आणि पोर्टलवरची स्थिती बघा.

हे सगळं मुलांकडूनच करून घ्या, विशेषतः मुलींकडून. घरातल्या मोडेमचे आकडे वाचता येणारी मुलगी उद्या शेजारच्या तीन घरांचे फॉर्म वेळेत भरून देईल. वही आजच मोडेमजवळ ठेवा, नेट नीट चालू असतानाचे तीन आकडे पहिल्या पानावर लिहा. बिघाडाच्या दिवशी तुलना करायला तेच लागतात.